कामठ्याचा तोल

पन्नाशी उलटल्यावर मनुष्याला कसलें वेड लागेल याचा नेम नसतो. माझ्या एका सहाध्यापकांना गुलाबांचें लागलें, दुसऱ्यांना फलज्योतिषाचें. मला गेल्या उन्हाळ्यांत कामठा करण्याचें लागलें. अठ्ठावीस वर्षें इंग्रजी काव्य शिकविलेल्या गृहस्थानें भर चैत्रांत अंगणांत मांडी ठोकून बांबू तासावा, हें दृश्य आमच्या शेजाऱ्यांना बरेंच करमणुकीचें वाटलें असावें. कारण त्या दिवसांत आमच्याकडे विरजण मागावयास येणाऱ्या बायकांची संख्या एकाएकीं वाढली, असें आमच्या सौभाग्यवतीचें म्हणणें आहे.

निमित्त झालें पुतण्याचें. माझ्या धाकट्या भावाचा मुलगा कॉलेजच्या शिक्षणासाठीं यवतमाळला आमच्या घरीं राहतो. २०२३ सालीं बर्लिन येथें साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनीं धनुर्विद्येंतलें जागतिक अजिंक्यपद मिळविलें. तेव्हांपासून या मुलाच्या डोळ्यांसमोर दुसरें कांहीं उभेंच राहत नाहीं. पण स्पर्धेंतलें चांगलें धनुष्य म्हणजे बैलजोडीच्या किमतीला भिडणारी वस्तु. कापूस पिकविणाऱ्या बापाजवळ ती मागण्याचें त्याला धैर्य नव्हतें, आणि मजजवळ मागण्याचा संकोच होता. शेवटीं एका रात्रीं जेवतांना तो ताटाकडे पाहत म्हणाला, “मोठे बाबा, कामठा आपण घरीच केला तं?” मुलाच्या संकोचाला मान द्यावा म्हणून मीं होकार दिला, आणि होकार दिल्यावर माघार घेण्याचा मला संकोच वाटूं लागला.

आमच्या भागांत कामठा कांहीं परका नाहीं. केळापूर, मारेगांव, झरी-जामणी या तालुक्यांच्या डोंगराळ पट्ट्यांत कोलामांचे पोड आहेत. टोपल्या, सुपें, तट्टे विणणारे हे लोक बांबूचे पिढीजात जाणकार. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें शिकारीला बंदी आली आणि तिरकामठा बहुतेक खुंटीवर गेला. पण तो करण्याची कळ जुन्या हातांतून अजून गेलेली नाहीं. आम्हां गांवकऱ्यांच्या पोरांना मात्र धनुष्य प्रथम दिसे तें पिंजाऱ्याच्या खांद्यावर. गादीचा कापूस पिंजतांना तो तांतीवर लांकडी ठोकळा असा कांहीं मारी कीं, तो टणत्कार ऐकून आम्हांला राम-रावणाचें युद्ध ओसरीवरच सुरू झाल्याचा भास होई.

माझी तयारी अर्थातच पुस्तकी होती. प्राध्यापकाला पोहावयाचें झालें तरी तो आधीं ग्रंथालयांत जातो. कौटिल्यानें आयुधागाराच्या प्रकरणांत ताडाचीं, वेळूचीं, लांकडाचीं आणि शिंगाचीं अशीं धनुष्यें सांगितलीं आहेत आणि दोरीसाठीं मूर्वा, रुई, ताग, स्नायु इत्यादि पदार्थ दिले आहेत. अमरकोशांत धनुष्याच्या मध्याला लस्तक, टोंकाला कोटि किंवा अटनि, आणि दोरीला मौर्वी, ज्या, शिंजिनी, गुण अशीं नांवें आहेत. मुठीच्या दोन बाजूंस जे दोन अर्ध वांकतात, त्यांना मी येथें भुजा म्हणतों. इंग्रजींत रॉजर ॲस्कम या केंब्रिजच्या पंडितानें १५४५ सालीं ‘टॉक्सोफिलस’ नांवाचा संवादात्मक ग्रंथ लिहिला. विद्वानांनीं लॅटिनमध्यें लिहावयाचें अशा त्या काळांत त्यानें धनुर्विद्येवर इंग्रजींत लिहिलें, आणि पुस्तकांतला किडा व धनुष्याचा भक्त यांना एकमेकांशीं बोलावयास लावलें. माझ्या व्यवसायाचा एक पूर्वज या वाटेनें गेला होता, एवढाच मला त्यांत आधार.

एकाच लांकडाचें धनुष्य करणें सोपें दिसतें, पण त्या लांकडाला दोन विरुद्ध कामें करावीं लागतात. धनुष्य वांकलें म्हणजे त्याची लक्ष्याकडची पाठ ताणली जाते आणि धनुर्धराकडचें पोट दाबलें जातें. म्हणून वेगवेगळ्या गुणांच्या पट्ट्या एकावर एक चिकटवून थरांचें धनुष्य करण्याची युक्ति निघाली. मीं पाठीला आणि पोटाला कटांग बांबूच्या पट्ट्या घेतल्या आणि मध्यें धामणीचें लांकूड घातलें. धामण चिवट, पूर्वीं गाडीच्या दांड्यांना तिचा उपयोग करीत. आमच्या सुतारानें एका मोडक्या दमणीची दांडी माळ्यावरून काढून दिली. बांबू पोडावरच्या एका म्हाताऱ्यानें आणून, फोडून, पट्ट्या काढून दिल्या. प्रत्येक पट्टीच्या एका टोंकाला त्यानें कोळशाची एकेक रेघ ओढली होती. ती त्याच्या मोजदादीची खूण असावी असें समजून मीं ती ओल्या फडक्यानें स्वच्छ पुसून टाकली. ही स्वच्छता मला पुढें महाग पडली.

सागाच्या फळीचा साचा केला. मधली पट्टी मुठीकडून टोंकांकडे निमुळती तासली. दोन नळ्यांतला एपॉक्सी सरस कालवून थर जोडले, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनीं सगळें साच्याला करकचून आवळलें आणि पत्र्याच्या खोलींत दोन दिवस ठेवून दिलें. यवतमाळच्या वैशाखांत सरस वाळविण्यासाठीं वेगळी भट्टी लागत नाहीं. तिसऱ्या दिवशीं साच्यांतून साडेपांच फुटांचें जें गुळगुळीत, डौलदार धनुष्य निघालें, तें पाहून पुतण्यानें त्याला नमस्कार केला. मीहि मनांतल्या मनांत केला.

आमचा आनंद संध्याकाळपर्यंत टिकला. धनुष्याचा तोल पाहण्याची रीत अशी: भिंतीवर एक भक्कम खुंटी ठोकावयाची, तिच्यावर धनुष्याची मूठ आडवी टेकवावयाची, दोरी कप्पीवरून खालीं ओढावयाची, आणि दूर उभें राहून दोन्ही भुजा कशा वांकतात तें पाहावयाचें. पुतण्यानें दोरी ओढली. डावी भुजा अष्टमीच्या चंद्रासारखी वळली; उजवी, एखादा साहेब अर्जदारापुढें बसावा, तशी ताठ. दोरीपासून दोन्हींकडे सारख्या अंतरावर मोजून पाहिलें, तों पांच सुतांचा फरक. सुतारी हिशेबांत आठ सूत म्हणजे एक इंच. तेव्हां हा फरक अर्ध्या इंचाहून अधिक झाला. मीं लाल पेन्सिलीनें ताठ भुजेवर एक रेघ ओढली. पुतण्या कानस घेऊन धांवला.

त्याला मीं थांबविलें, याचा मला अजून अभिमान वाटतो. या सगळ्या प्रकरणांत मीं केलेली पहिली शहाणपणाची गोष्ट ती. दोष दिसला कीं तो ज्या वस्तूंत दिसतो तिच्यांतच असेल असें नाहीं. दोरीचे दोन फांस लहानमोठे असतील, टोंकांच्या खांचा मध्यापासून सारख्या अंतरावर नसतील, किंवा खुंटीच कलती असेल. म्हणून तासण्यापूर्वीं धनुष्य उलट बाजूनें टांगून पाहावें. दोष धनुष्याचा असेल तर तो त्याच भुजेबरोबर दुसऱ्या बाजूला जाईल. खुंटीचा असेल तर जेथल्या तेथें राहील. आम्हीं उलटवून पाहिलें. ताठरपणा खुणेच्या भुजेबरोबर गेला, पण फरक आतां पांचाऐवजीं तीनच सूत भरला. म्हणजे चार सूत दोष धनुष्याचा, आणि एक सूत आमच्या खुंटीचा. मीं ओळंबा लावून खुंटी सरळ केली. पाहणाराच कलता असेल तर पाहिलेल्या गोष्टीचा कल कसा ठरणार, असा एक विचार त्या वेळीं मनांत येऊन गेला; पण तो मीं व्याख्यानांत वापरण्यासाठीं राखून ठेवला. स्वतःकडे लावण्याचें तेव्हां सुचलें नाहीं.

उरलेल्या चार सुतांचीं कारणें शोधण्यांत दोन दिवस गेले. भुजांच्या मध्यावर जाडी मोजली, तर एकीची १३ मिलिमीटर आणि खुणेच्या भुजेची १३.६. अर्ध्या मिलिमीटरच्या फरकानें एवढा गोंधळ व्हावा हें प्रथम पटेना. पण गणित मोठें निर्दय आहे. पट्टीची रुंदी दुप्पट केली तर ताठरपणा दुप्पट होतो. जाडी दुप्पट केली तर तो आठपट होतो. ताठरपणा जाडीच्या घनाप्रमाणें वाढतो, त्यामुळें माझ्या त्या ०.६ मिलिमीटरचे सुमारें १४ टक्के झाले होते. हा फरक आला कोठून? ओला सरस लोण्यासारखा निसरडा असतो. ट्यूब आवळतांना मधली निमुळती पट्टी एका बाजूस सरकली होती आणि तिचा जाड भाग खुणेच्या भुजेंत शिरला होता. मुठीच्या ठिकाणीं आरपार एक बारीक खिळा घातला असता तर हें टळलें असतें.

दुसरें कारण बांबूंत होतें. बांबूचें बूड आणि शेंडा सारखे नसतात. बुडाकडे पेरें आखूड, गांठी जवळ जवळ आणि कणखरपणा अधिक. म्हणून जाणता कारागीर पट्टीचे दोन जुळे तुकडे घेऊन त्यांचीं बुडें मुठींत समोरासमोर आणतो, म्हणजे दोन्ही भुजांच्या वांट्याला सारखाच बांबू येतो. मीं अख्ख्या पट्ट्या वापरल्या होत्या, आणि माझ्या कर्मानें दोन्ही पट्ट्यांचीं बुडें एकाच भुजेकडे गेलीं होतीं. म्हाताऱ्याच्या त्या कोळशाच्या रेघा म्हणजे बुडाच्या खुणा होत्या. वाचतां येत नसलेली लिपि मीं पुसून टाकली होती आणि तिला मळ समजलों होतों.

याच सुमारास अक्षय्यतृतीया आली, आणि नेहमींप्रमाणें माझा भाऊ ठोक्याचे पैसे घेऊन आला.

येथें मला थोडें घरचें सांगावें लागेल. केळापूर तालुक्यांत, खुनी नदीला मिळणाऱ्या एका नाल्यावर आमची सोळा एकर वडिलोपार्जित जमीन. आम्ही दोघेच भाऊ. २००१ सालीं वडिलांनीं वाटणी करावयाचें ठरविलें. त्यांचा विचार असा होता कीं, धाकटा शेती करणारा. नाल्याकडची काळी जमीन आणि विहीर त्याला द्यावी. मला नोकरी आहे, मीं वरची बरड घ्यावी. मला तें अन्यायाचें वाटलें. जमिनीचा मला लोभ नव्हता, पण तत्त्वाचा फार होता. समतेवरचे इंग्रजी ग्रंथ नुकतेच वाचले होते, आणि घरांत मीच शिकलेला. “वाटणी सारखी झाली पाहिजे. मोजणीदार आणा, बरोबर आठ आठ एकर करा, आणि चिठ्ठ्या टाका,” असें मीं ठणकावून सांगितलें. शेजारच्या पोरानें चिठ्ठी उचलली. नाल्याकडचा भाग माझ्याकडे आला. याहून निष्पक्ष काय असणार? वडील कांहीं बोलले नाहींत. भाऊहि बोलला नाहीं. मीं त्या मौनाला संमति समजलों.

तेव्हांपासून दोन्ही हिस्से धाकटाच वाहतो. माझ्या हिश्श्याचा ठोका तो दर अक्षय्यतृतीयेला आणून देतो. पावसानें दगा दिला, बोंडअळी आली, भाव पडले, तरी ठोका चुकलेला नाहीं. बरडावर पाऊस लांबला कीं पऱ्हाटी करपते, आणि विहीर माझ्या सातबाऱ्यावर. पाणी घ्यावयाचें तरी तो मला फोन करून विचारतो, आणि मी मोठ्या मनानें “घे कीं” म्हणतों. तो माझ्याहून चार वर्षांनीं लहान आहे. पण आम्हां दोघांना प्रथमच पाहणारा मनुष्य त्यालाच वडील समजतो.

त्या दिवशीं त्यानें पैशांचा रुमाल सौभाग्यवतीच्या हातीं दिला, पाणी प्याला, आणि मुलाचें काय चाललें आहे तें पाहावयास मागच्या अंगणांत आला. मी व्हर्निअर हातीं धरून आंकडे सांगत होतों आणि पुतण्या ते वहींत उतरवीत होता. भाऊ थोडा वेळ उभा राहिला. मग म्हणाला, “दादा, तू तं नुसतं मोजूनच राह्यला. वाकवून दाखव ना एकडाव.”

पुतण्यानें दोरी ओढली. भाऊ डोळे किलकिले करून पाहत होता. शेताच्या बांधावरून ढग पाहावा तसें त्याचें पाहणें. “अरे, हे बिनखुणेचं बिचारं वाकून राह्यलं, अन् हे खुणेचं मजेत हाय,” तो म्हणाला. “दोरी तं एकच हाय न्?”

हें तो कामठ्याविषयींच बोलला. टोमणा मारण्याचा त्याचा स्वभाव नाहीं, आणि तसा हेतु असता तर त्यानें तो वीस वर्षें राखून ठेवला नसता. पण मला त्यापुढें आंकडे सांगवेनात. दोरी एकच असते. तिचा ताण दोन्ही टोंकांना सारखाच पोंचतो. जी भुजा दुर्बळ ती त्याच ताणाखालीं अधिक वांकते. अधिक वांकल्यानें तिचे तंतु थकतात, ती कायमचा वांक धरते, त्यामुळें आणखी दुर्बळ होते आणि आणखी वांकते. ताठ भुजेला यांतलें कांहींच कळत नाहीं. शांत पडलेल्या धनुष्यावर फूटपट्टी ठेवली तर दोन्ही भुजा अगदीं सारख्या, तेहतीस तेहतीस इंच. माझे आठ आठ एकरही तसेच होते. मीं जमीन पडलेली असतांना मोजली होती. ती राबतांना कोणावर किती वांकते, तें मोजलें नव्हतें.

भाऊ दुपारच्या एस. टी. नें गेला. मी संध्याकाळीं तासावयास बसलों.

तासण्याचा पहिला नियम फार सोपा आणि फार कठीण आहे. दुर्बळ भुजेला हात लावावयाचा नाहीं. तिच्यांत भर घालतां येत नाहीं. जें काढावयाचें तें ताठ भुजेंतून. तेंहि एकदम नाहीं. फुटक्या कांचेच्या धारेनें किंवा पात्यानें दहा-वीस हात खरवडावें, मग दोरी अर्धवट ओढून तीस-चाळीस वेळां सोडावी, म्हणजे लांकडाला झालेला बदल कळतो, मग पाहावें. पाठीच्या बांबूची साल कधींही दुखवूं नये, कारण सगळा ताण तिच्यावर. खरवडावें तें पोटाच्या बाजूनें. एका जागीं खरवडलें तर तेथेंच बिजागरी होऊन धनुष्य मोडतें. शिवाय, ज्या क्षणीं भुजा वेडीवांकडी दिसेल त्या क्षणाच्या पुढें दोरी ओढावयाची नाहीं. बिघडलेल्या तोलांत पूर्ण ताण देणें म्हणजे दुर्बळ भुजेवर कायमचा घाव घालणें. आमच्या हातून पहिल्या दिवशीं उत्साहाच्या भरांत तें झालेंच होतें. दोरी काढल्यावरही बिनखुणेच्या भुजेंत एक सुताचा वांक राहिला, तो पुढें कधींच गेला नाहीं.

दुसरी एक युक्ति पुस्तकांत मिळाली, ती फार उपयोगी पडली. धनुष्याच्या खऱ्या मध्यावर मूठ असते आणि बाण मुठीच्या वरून जातो. ओढणारीं बोटेंही त्यामुळें मध्याच्या किंचित् वर येतात. म्हणून दोन्ही भुजा अगदीं सारख्या असणें हा दोषच. खालची भुजा थोडी कणखर हवी, आणि वरच्या भुजेचें दोरीपासूनचें अंतर खालच्यापेक्षां सूतभर अधिक हवें. तसें नसेल तर सुटतांना एक भुजा आधीं घरीं पोंचते, बाणाची शेपूट उसळते आणि तो मासळीसारखा वरखालीं होत जातो. याचा अर्थ असा कीं, आमची ताठ भुजा खालीं घेतली तर चार सुतांपैकीं एक सूत दोष न तासतांच गुण ठरत होता. जपानी धनुष्यांत तर हा विचार टोंकाला गेला आहे. पुरुषाहून उंच असें तें बांबूच्या थरांचें ‘युमी’ धनुष्य. त्याची मूठ मध्यावर नसून खालून सुमारें तिसऱ्या हिश्श्यावर असते. वरची भुजा खालचीच्या जवळ जवळ दुप्पट लांब! फूटपट्टीच्या न्यायानें तें धनुष्य अन्यायाचा पुतळा. पण ओढलें कीं त्याचीं दोन्ही टोंकें एका सुरांत येतात. परस्परविरुद्ध ताणांतून उत्पन्न होणाऱ्या मेळाला दृष्टान्त म्हणून ग्रीक तत्त्वज्ञ हेरॅक्लिटसानें धनुष्य आणि वीणा घेतली, ती उगीच नव्हे.

कारखान्यांतल्या धनुष्याला ही तपश्चर्या पडत नाहीं. त्याच्या भुजा बोल्टांनीं मुठीला बसविलेल्या असतात; किल्ली थोडी फिरविली कीं एकीचा ताण कमी आणि दुसरीचा अधिक. घरच्या कामठ्याला तशी किल्ली नाहीं. तेथें प्रत्येक तोल कांहींतरी देऊन मिळतो. आम्हीं पहिल्यानें धनुष्य ओढून भावाच्या कापसाच्या ताणकांट्यानें जोखलें होतें, तेव्हां तें अठरा किलो भरलें होतें. सत्तावीस दिवस खरवडल्यावर, आषाढाच्या तोंडीं, जेव्हां दोन्ही भुजा एका वेळीं वांकूं लागल्या, तेव्हां कांटा चवदावर थांबला. चार किलो बळ अंगणांत भुशाच्या रूपानें पडलेलें होतें. पुतण्या हिरमुसला. मलाही वाईट वाटलें. पण त्या अठरा किलोंत खुणेच्या भुजेचा किती अभिमान होता आणि दुसरीचा किती जीव होता, हें आतां मला कळत होतें.

खरवडतांना मनुष्याला विचार करावयास वेळ पुष्कळ मिळतो, आणि पळ काढावयास जागा मिळत नाहीं. पंचवीस वर्षें मीं स्वतःला निःपक्षपाती समजत आलों. मीं कांहीं लबाडी केली नव्हती. पण लबाडी न करतां अन्याय करण्याचें सामर्थ्य शिकलेल्या मनुष्याला असतें, आणि तें चिठ्ठ्या टाकून, मोजणीदार बोलावून, सर्व साक्षीदारांसमक्ष करतां येतें. वडिलांना बांबूची बूड-शेंडा ओळखतां येत होती. त्यांच्या कोळशाच्या रेघा मीं पुसल्या होत्या.

खंडेनवमीला आम्ही गांवीं गेलों. भावाच्या ओसरीवर विळे, कुऱ्हाडी, वखराची पास यांच्या शेजारीं आमचा कामठा मांडला होता आणि वहिनीनें, म्हणजे धाकट्याच्या बायकोनें, त्यालाही हळदकुंकू लावलें होतें. जेवणें झाल्यावर मीं भावाला म्हटलें, “या सालापासून ठोका बंद. आणि नाल्याकडचे चार एकर तुझ्या नांवावर करूं. त्याच्या बदल्यांत बरडाचे चार मला दे.” हें वाक्य मीं चार महिने घोंटलें होतें, आणि म्हणून तें फारच कॉलेजी झालें.

तो सुपारी कातरीत बसला होता. बराच वेळ बोलला नाहीं. या वेळीं मात्र मीं त्याचें मौन माझ्या सोयीनें वाचलें नाहीं, वाट पाहिली.

“ठोका नको मनतं, तं ठीक हाय,” तो शेवटीं म्हणाला. “जमिनीचं राहू दे दादा. बाबांच्या हातचे धुरे हायेत, मोडू नको. विहिरीचं पाणी तेवढं अर्धं कागदावर लिहून दे. तुले विचारा लागते, तं लाज वाटते.”

मीं चार एकरांचा विचार करीत होतों. त्याला बोंचत होता तो दर उन्हाळ्यांतला एक फोन. कोठें खरवडावयाचें हें ताठ भुजेला स्वतःहून कळत नाहीं, तें दुसरीला विचारावें लागतें. एवढी साधी गोष्टही मला पुस्तकांत सांपडली नव्हती. दिवाळीपूर्वीं आम्ही दोघे पांढरकवड्याला जाऊन विहिरीच्या अर्ध्या हिश्श्याचा कागद करून आलों. ठोका बंद झाला. जमीन राहिली ती आहे तशी, आठ आणि आठ. तिच्याविषयीं पुढें कधीं बोलणें निघेल तेव्हां निघेल.

परवां भाऊ कापसाच्या कामानें यवतमाळला आला होता. पुतण्यानें मैदानावर नेऊन त्याला बाण सोडून दाखविले. चवदा किलोंचा कामठा तो. बाण फार दूर जात नाहीं, पण उसळतहि नाहीं. भावानें कामठा हातांत घेतला, उलटसुलट केला, बोटानें दोन्ही भुजा चांचपल्या आणि मला विचारलें, “तवा मजेत होती, ते कोणती रे?”

मीं सांगावयास म्हणून हात पुढें केला, आणि थांबलों. लाल पेन्सिलीची रेघ तासण्यांत केव्हांच निघून गेली होती. आम्हीं तिघांनीं मिळून पुष्कळ पाहिलें. शेवटीं पुतण्यानें दोरी काढली, आणि त्या एका सुताच्या वांकावरून आम्हांला दुसरी भुजा तेवढी ओळखतां आली.